मार्जरीचा फेब्रुवारी

नलू, मंगळवारी रेकॉर्ड ऑफिसात जाऊन आले. एकटीच गेले होते. खिडकीजवळच्या आपल्या टेबलावर एक म्हातारं जोडपं कुणा पणजोबाचं लग्न शोधत बसलं होतं, म्हणून मी भिंतीकडच्या टेबलावर बसले. काउंटरवरच्या बाईनं जुन्या खरेदीखतांची पेटी आणून ठेवली आणि विचारलं, तुमची मैत्रीण आज नाही आली? मी म्हटलं, “शी पास्ट अवे.” तीन आठवडे झाले, पण हे वाक्य मला अजून मराठीत बोलता आलेलं नाही. इंग्रजीत जमतं, कारण इंग्रजीत ते दुसऱ्याच कुणाबद्दल बोलल्यासारखं वाटतं.

गेले कशाला, तर शनिवारी मार्शकोटच्या फेटमध्ये, म्हणजे तुझ्या गावच्या उन्हाळी जत्रेत, तुझं टिपण मला वाचायचं होतं. माइकवरून, सगळ्या गावासमोर. तू वाचणार होतीस, ते माझ्या गळ्यात पडलं. त्याआधी मार्जरीच्या खतावरची ती तारीख पुन्हा एकदा डोळ्यांनी बघून घ्यावी असं वाटलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, “किती वेळा बघशील गं, ती काय बदलणार आहे?” बदलली नव्हती. शाई तशीच तपकिरी, आणि खाली तिची सही तशीच वाकडी. तुझ्याइतकं सरळ मला ते अक्षर वाचता येत नाही. प्रत्येक ओळीला मी मान वळवून शेजारी बघत होते.

आपली ओळख लंडनमधल्या पिनरची. मंडळाच्या गणपतीत तू मोदकांच्या उकडीवरून माझ्याशी वाद घातलास, आणि तो वाद घरी जाताना ट्रेनमध्येही चालू राहिला. तुझी मेधा तेव्हा कडेवर होती. पुढे अरुणच्या नोकरीमुळे आम्ही मिल्टन कीन्सला आलो, तेव्हा तू केवढी चेष्टा केलीस! “हे कसलं गाव? जावं तिकडे राउंडअबाउट. माणूस गोल गोल फिरून परत तिथंच.” फोनवर रोज बोलायचो, पण भेट व्हायची ती पाडव्याला नाहीतर दिवाळीला. मग तुझे दिनकरराव गेले. आणि ते जाऊन तीन महिने होतात न होतात तोच तू पिनरचं घर विकलंस, आणि माझ्यापासून दहा मिनिटांवर, शेवटच्या राउंडअबाउटच्या पलीकडच्या त्या खेड्यात, दगडी भिंतीसमोरचं एवढंसं घर घेऊन मोकळी झालीस.

त्या घर विकण्यावरून आपण किती भांडलो! मी तुला फोनवर विनवत होते, “नलू, वर्षभर थांब. वर्ष व्हायच्या आत कुणी घर मोडतं का?”

“मोडत नाहीये. विकतेय.”

“पण का?”

“अगं, इस्टेट एजंटनं बोर्डसुद्धा लावला. उद्या व्ह्यूइंगला येतायत लोक. घरात फोडणीचा वास नको म्हणे, म्हणून आज सँडविच खाल्लं.”

हे असं तुझं. ‘का’ विचारलं की तू ‘कसं’ ते सांगायचीस. पिनरच्या बायकांनी तोंडसुख घेतलं. दिनकररावांचे कोट अजून कपाटात आहेत आणि बाईसाहेब निघाल्या, असं एकीनं मलाच ऐकवलं. तिला मी सुनावलं ते वेगळं, पण मनातून मलाही ते पटलं नव्हतं. मेधा तर माझ्याकडे येऊन रडली. “मावशी, तिने मला विचारला पण नाही. माझा रूम होता तो.” मेधाचं मराठी रागात आणखीच गडबडतं, तुला माहीत आहे. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, “आई सांगेल हं.” तू सांगितलं नाहीस. मी अजूनही म्हणते, तू घाई केलीस. तू गेलीस म्हणून मी माझं मत बदलणार नाही, आणि बदललं असतं तर तुलाही ते आवडलं नसतं.

पण एक आहे. तू दहा मिनिटांवर आलीस, आणि पुढची चार वर्षं माझ्या आयुष्यातली फार सुखाची गेली. हे मी तुला कधी म्हटलं नाही. असलं काही बोललं की तू लगेच चहा टाकायला उठायचीस.

तुझ्या समोरच्या त्या दगडी भिंतीच्या आत मॅनर होता. मार्शकोटचा पहिला उन्हाळा आठव. फेटमध्ये जॅमच्या टेबलाशेजारी लाकडी चौकट उभी केली होती, तिच्यात गवताची एक बाई, डोक्याला काळं बॉनेट, आणि वर पाटी: ‘खोटारड्या विधवेला भिजवा’. ओल्या स्पंजची बादली भरलेली. पोरं रांग लावून तिला मारत होती. तू पुढे झालीस, नेम धरलास आणि पहिलाच स्पंज तिच्या नाकावर बसवलास. मग इतिहास मंडळाच्या जेफ्रीला विचारलंस, ही कोण? तो मोठ्या कौतुकानं सांगायला लागला. तीनशे-सव्वातीनशे वर्षांपूर्वीची मॅनरची मालकीण, मार्जरी. नवरा रॉबर्ट लंडनला आजारी पडलेला, आणि हिनं इकडे ‘मी विधवा आहे’ असं खुशाल लिहून दिलं आणि मॅनर विकून टाकला. नवरा परत आला तो विकलेल्या घरात, आणि त्या धक्क्यानं मेला. तू सगळं ऐकून घेतलंस आणि आणखी एक स्पंज मारलास. मला म्हणालीस, “बाई हुशार होती गं.”

मंडळाला मॅनरच्या इतिहासाची एक पुस्तिका काढायची होती. हौस सगळ्यांना होती, पण जुनी खतं वाचायला कुणी तयार नव्हतं. तू हात वर केलास. वर माझंही नाव दिलंस. “माझ्या मैत्रिणीचं अक्षर चांगलं आहे,” असं त्या हॉलमध्ये सांगितलंस, जसं काही मी लग्नाची मुलगी होते.

अरुण तर हसलाच. “साहेबाच्या जहागिरीची काळजी तुम्हा दोघींना? आपलं काय त्यात?” मलाही तेच वाटत होतं. तू मात्र त्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकून म्हणालीस, “घर कुणाचंही असो. कुणी कुणाला दिलं, हे बघायला मला आवडतं.”

मग सुरू झाले आपले गुरुवार. गाडी मी चालवायची, कारण राउंडअबाउटवर तुझा धीर सुटायचा. नवा सॅटनॅव्ह घेतला होता, त्या बाईशी तू वाद घालायचीस. “नो, नॉट लेफ्ट, बाई, इकडून जवळ पडतं.” ऑफिसात पेन न्यायला बंदी, फक्त पेन्सिल. स्पंजच्या उशीवर ते कातड्यावर लिहिलेलं खत पसरायचं, कडेला मण्यांच्या लांब पिशव्या ठेवायच्या, नाहीतर पुन्हा गुंडाळी होऊन बसे. तू हळू आवाजात वाचायचीस, मी लिहून घ्यायची. एकेक खत टेबलाएवढं, आणि सगळ्यात तेच तेच. दिलं, बहाल केलं, विकलं, हवाली केलं. “एकदा दिलं म्हटलं की झालं ना,” मी कुरकुरायची. तू म्हणायचीस, “एकदा सांगून कुणाला खरं वाटतं?” मग गाडीत बसून पोळीच्या गुंडाळ्या खायच्या. तिथंच तू मला मॅनर म्हणजे काय ते समजावलंस. इतके दिवस मी त्याला मोठा बंगला समजत होते. “बंगला नव्हे गं, वतन. जमीन, गिरणी, तळं, लोकांकडून येणारं धान्य, गावाचा न्याय करायचा अधिकार, सगळं मिळून मॅनर. घर तर त्यातलं एवढंसं.” शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेली तू, बोटांवर मोजून सांगत होतीस, आणि गूळ-तुपाचा ओघळ मनगटावर आला होता. तो ओघळ मला आत्ता दिसतोय.

आणि एक दिवस मार्जरीचं खत हातात आलं. फेब्रुवारीतलं. ‘मी मार्जरी, विधवा’, स्वच्छ लिहिलेलं. दुसऱ्या आठवड्यात चर्चच्या नोंदवहीची फिल्म लावली, तर रॉबर्टचं दफन त्याच वर्षी नोव्हेंबरात. फेब्रुवारीत विधवा, आणि नवरा मेला नोव्हेंबरात! म्हणजे गावाची गोष्ट खरीच निघाली. आपण दोघी परीक्षेत पहिला नंबर आल्यासारख्या उड्या मारत बाहेर आलो. जेफ्रीनं आपलं टिपण गावच्या पत्रकाच्या पहिल्या पानावर छापलं. त्या उन्हाळ्यात स्टॉलवर पाटी मोठी झाली: ‘आता पुराव्यासह!’ रांग जॅमच्या टेबलापर्यंत आली. लोक आपल्याला बोट दाखवून सांगत होते, ह्याच त्या दोघी. मी भाव खाऊन घेतला, खोटं कशाला बोलू? तू मात्र त्या वर्षी एकही स्पंज मारला नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, “हात दुखतोय.”

यंदाचा पाडवा नेमका रविवारी आला. नेहमीप्रमाणे तू सकाळीच आलीस. अरुणनं बेडरूमच्या खिडकीतून बागेतला बांबू बाहेर काढून गुढी बांधली होती, आणि खालच्या रेडवेवरून, त्या लाल सायकलवाटेवरून, जाणारे सायकलवाले मान वर करून आमची जरीची साडी बघत होते. मी श्रीखंडात केशर घालत होते. तू स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेसमोर उभी राहिलीस ती हलेचनास.

“पद्मा, काल कुठलं संवत्सर होतं?”

“मला काय माहीत? जुनं.”

“आणि आज नवं. म्हणजे कालच्यात आणि आजच्यात एका रात्रीत वर्ष बदललं. माघ-फाल्गुन कुठे आले? वर्षाच्या शेवटी.”

“मग?”

“गुरुवारचं ते खत आठवतंय तुला? चोवीस मार्चचं? आणि त्याची पोच सव्वीस मार्चची, पण पुढच्या वर्षाची? आपण म्हटलं, बघ, हे लोक पोच द्यायला वर्ष लावतात. अगं, वर्ष नाही लावलं! दोन दिवस लावले! पंचवीस मार्चला यांचं वर्ष बदलत होतं. लेडी डे! सगळी भाडी लेडी डेपासून, सगळे करार लेडी डेपासून. तो यांचा पाडवा होता गं!”

मला अजून काही कळत नव्हतं. तू माझ्या हातातला डाव काढून घेतलास, मला स्टुलावर बसवलंस आणि आठवीच्या मुलीला सांगावं तसं सांगितलंस. त्या काळी इथं वर्ष मार्चमध्ये सुरू व्हायचं आणि मार्चमध्ये संपायचं. म्हणजे एकाच वर्षात नोव्हेंबर आधी यायचा, फेब्रुवारी नंतर. आधी रॉबर्टचं दफन, मग मार्जरीची सही. विकलं तेव्हा ती खरोखरच विधवा होती. खोटं बोललीच नव्हती. खोट्यात पडलो होतो आपण, आणि गोष्ट रचणारे आपल्या आधीचे ते कोण असतील ते.

तू हसत होतीस. “गणिताची बाई मी, आणि वर्ष मोजायला चुकले!” मग हसता हसता तुझे डोळे भरून आले, आणि ओट्याला टेकून तू म्हणालीस, “नवरा जाऊन तीन महिने झाले होते तिला, पद्मा. तीन महिने. आणि आपण तिला खोटारडी ठरवून बसलो.”

तीन महिने. मी वाट्यांमध्ये श्रीखंड वाढत राहिले.

दुसऱ्याच दिवशी आपण रेकॉर्ड ऑफिस उघडायच्या आधी दारात उभ्या होतो. खताच्या सुरुवातीला राजाच्या नावानं ते लांबलचक गुणगान असतं ना, अमक्या राजाच्या राज्याचं तमकं वर्ष, ते आपण दोघींनी कधी वाचलंच नव्हतं. आपल्याकडच्या जुन्या पत्रांचा मायना डोळ्यांआड करून मजकुराकडे जायची सवय, तेच इथं केलं. सगळं उत्तर त्या मायन्यात लिहिलेलं होतं. राजाचं वर्ष मोजलं, आणि फेब्रुवारी बरोबर नोव्हेंबरच्या पुढे येऊन बसला. तू पेन्सिल खाली ठेवलीस आणि त्या कातड्यावरच्या तिच्या सहीवर, शाईला हात लावायची परवानगी नाही म्हणून, हवेतूनच हात फिरवलास.

जेफ्रीला मात्र हे फारसं रुचलं नाही. माणूस वाईट नाही, पण त्याचं म्हणणं, ही नुसती गंमत आहे, स्टॉलवर चर्चच्या छपरासाठी मदत जमते, पोरांना मजा येते. पुस्तिकेत तळटीप घालू, म्हणाला.

“तळटीप?” तू म्हणालीस. तुझा तो शाळेतला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. “चूक पहिल्या पानावर आणि दुरुस्ती तळाशी, बारीक अक्षरात?”

“पण चूक तुमचीच होती ना, डिअर?”

“म्हणूनच मीच सांगणार. फेटमध्ये. त्या स्टॉलसमोर, माइकवरून.”

 परतताना गाडीत, माझ्या घराच्या वळणावर तू म्हणालीस, “एवढं एक मला करायचंय, पद्मा.” मला वाटलं, रागात बोलते आहेस. पोटात दुखतंय हे तू तोवर कुणाला सांगितलंच नव्हतंस.

पुढचं सगळं भराभर झालं. मे महिन्यात डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, जूनमध्ये तू हॉस्पिटलात होतीस. त्याबद्दल मला लिहायचं नाही. तू बारीक होत गेलीस आणि तुझ्या बांगड्या मेधानं काढून माझ्याकडे दिल्या, एवढं पुरे. मी रोज दुपारी यायची आणि तू पहिला प्रश्न विचारायचीस तो टिपणाचा. कच्चा खर्डा मी करून आणला होता. तू आधी माझा ‘बिचारी मार्जरी’ खोडलास. “बिचारी कशाला? व्यवहार केला तिनं. धड सही केली.” मग शेवटच्या परिच्छेदाशी येऊन थांबलीस. त्यात मी लिहिलं होतं, की कदाचित मार्जरीला मूलबाळ नसेल, कदाचित घराचं छप्पर गळत असेल, कदाचित नवऱ्याविना त्या खोल्या तिला खायला उठत असतील.

“हे कुठून आणलंस?”

“लोक विचारतील ना, एवढ्या घाईनं का विकलं म्हणून.”

“विचारू देत.”

“आणि मी काय सांगू?”

“खतात नाही, असं सांगायचं.”

“पण नलू, काहीतरी कारण असेलच ना!”

“असेल. तिनं नाही लिहिलं. लिहावंसं वाटलं असतं तर लिहिलं असतं.”

“लिहिलं असतं तर बरं झालं असतं,” मी म्हटलं, जरा जोरातच. पलीकडच्या कॉटवरची बाई आपल्याकडे बघायला लागली.

तू पेन्सिलीनं तो सगळा परिच्छेद आडवा खोडलास. मग डोळे मिटलेस. थोड्या वेळानं म्हणालीस, “मला जरा पाणी दे.” मी पाणी दिलं, तुझी उशी सारखी केली, आणि आपण दिनकररावांच्या बागेतल्या गुलाबांबद्दल बोललो. भांडण तिथंच राहिलं. आपण कुणाबद्दल भांडतोय हे दोघींनाही कळत होतं, आणि तेव्हासुद्धा मला विचारायला जमलं नाही आणि तुला सांगायला. नंतरच्या आठवड्यात तू बोलण्यापलीकडे गेलीस.

तर शनिवार. ऊन होतं. मेधा आणि तिचा नवरा लंडनहून आले होते. आधी म्हणाली होती, मला ते बघवणार नाही, पण आली. जेफ्रीनं मला माइक दिला, माइकनं आपली नेहमीची शिट्टी मारली, पोरं हसली.  मी आधी चूक सांगितली, तू लिहिली होतीस तशीच, ‘आम्ही चुकलो’ या दोन शब्दांनी सुरुवात करून. मग पंचवीस मार्च, मग नोव्हेंबर, मग फेब्रुवारी. शेवटी तुझं वाक्य: मार्शकोटच्या मॅनरची मालकीण मार्जरी हिनं स्वतःला विधवा म्हटलं, कारण ती विधवा होती. झालं. चहाच्या तंबूतल्या बायका कप धरून उभ्या राहिल्या होत्या. त्या क्षणी मला तू इतकी हवी होतीस, की मी कागदाची घडी घालत घालत खरोखर मागे वळून बघितलं.

मग जेफ्री पुढे आला. त्यानं ती पाटी काढली. गवताच्या मार्जरीला चौकटीतून सोडवलं, चहाच्या तंबूत नेऊन खुर्चीवर बसवलं, आणि आपला चष्मा मेधाच्या हातात देऊन त्या चौकटीत स्वतःचं डोकं घातलं. म्हणाला, छापलं मी होतं. पोरांना काय, मॅनरच मिळाला! पहिला स्पंज मेधानं मारला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मारत होती. तुझ्यासारखाच नेम आहे तिचा. जेफ्री नखशिखांत भिजला आणि तशाच ओल्या हातानं त्यानं माझा हात धरून ठेवला, बराच वेळ. नलू, ते झालं. तुला करायचं होतं ते झालं.

जॅमच्या टेबलावरची बाई मात्र विचारायला आलीच. “पण इतक्या घाईनं का विकलं असेल हो तिनं?” मी म्हटलं, खतात नाही. तू सांगितलं होतंस तसंच, एक शब्द जास्त नाही.

गाडीकडे जाताना मेधानं माझा दंड धरला. “मावशी, आईने घर का विकला, तुला सांगितला होता?”

“नाही गं.”

“मला वाटला, तुला तरी माहीत असेल.”

तिला काय सांगू? मलाही तसंच वाटत आलंय, की कधीतरी मला तरी सांगशील. आता रोज संध्याकाळी मी स्वतःशी कारणं रचत बसते. ते घर तुला एकटीला झेपत नव्हतं का? जिन्यावर त्यांची पावलं ऐकू यायची का? की तिथं सुखच नव्हतं, आणि आम्हा सगळ्यांना ते कधी दिसलं नाही? की तुला माझ्याजवळ राहायचं होतं? हे शेवटचं मी अरुणलाही सांगितलेलं नाही. सांगून तो ‘हो, तसंच असेल’ म्हणाला तर मी विश्वास ठेवीन, आणि ते खरं असावं असं मला फार वाटतं गं, म्हणूनच भीती वाटते. तू खोडून टाकशील.

खोड. तुझी ती पेन्सिल घे आणि सगळं आडवं खोड. मी पुन्हा विचारणार नाही. कारण नकोच सांगूस, नलू. नुसती ये.